ग्रानादातली संकष्टी

"ह्यात पण डुक्कर आहे?" मी विचारलं.

"थोडंसंच," अनेलीसबाई बशीत नाक खुपसून म्हणाल्या. "वरवर भुरभुरलंय. बाजूला कर आणि खा."

"बाजूला करून चालत नाही."

"मग खालचे बटाटे खा."

"त्यांना ते लागलंय ना!"

तारेकनं बशी स्वतःकडे ओढली, वाकून बघितली आणि परत अनेलीसबाईंकडे सरकवली. डुकराच्या बाबतीत त्याचं आणि माझं एकमत होतं, कारणं तेवढी वेगळी होती. अनेलीसबाईंनी आम्हां दोघांकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि त्या एकट्याच खायला लागल्या. ही त्यांची तिसरी बशी होती.

ग्रानादात एक फार चांगली रीत आहे. कुठल्याही बारमध्ये जा, प्यायला काहीही मागवा, सोबत खाण्याची एक बशी फुकट येते. तिला तापा म्हणतात. बशीत काय असावं हे आपण सांगायचं नाही, ते मालक ठरवतो. दुसरा ग्लास मागवला की दुसरी बशी, आणि ती पहिलीपेक्षा बरी असते. स्पॅनिश शिकायला आलेली आमच्यासारखी कडकी मंडळी संध्याकाळचं जेवण अशीच उरकायची. त्या दिवशी मात्र हीच रीत माझ्या मुळावर आली होती, कारण त्या दिवशी माझी संकष्टी होती.

माझी म्हणजे खरं तर आईची. मी आपली तिच्या मागे फरफटत होते.

सांगलीला विश्रामबागेत आमच्या कॉलनीत आईला पंचांगकाकू म्हणायचे. भिंतीवर कॅलेंडर होतं, पण ते दूधवाल्याचे खाडे लिहायला. तिथ्या सगळ्या आईच्या डोक्यात. जिन्यावरून कुणी हाक मारावी, "काकू, यंदा रथसप्तमी कधी हो?" आणि आईनं मेथी निवडता निवडता मान वर न करता वार-तारखेसकट सांगावं. कधी कुणी तिचं उत्तर कॅलेंडरशी ताडून बघायला गेलं तर कॅलेंडर बरोबर निघायचं, इतकंच. मी स्पेनला निघाले तेव्हा बॅगेत एक कॅलेंडर टाकत होते. आईनं ते काढून बाजूला ठेवलं.

"ओझं कशाला? मी आहे ना."

बाबा मी कॉलेजात असतानाच गेले. तेव्हापासून आम्ही दोघीच. आणि दोघींपैकी एक उठून इतक्या लांब स्पॅनिश शिकायला आली होती, ती एका वर्षासाठी. आता विद्यापीठ म्हणत होतं की आणखी दोन वर्षं राहा, शिष्यवृत्ती देतो. सोमवारी होकार कळवायचा होता. मला राहायचं होतं. अगदी जीव तोडून राहायचं होतं. त्या गावातल्या चढउताराच्या गल्ल्या, ती भाषा, बारमधला तो कलकलाट, मला सगळ्याचंच वेड लागलं होतं. आईला विचारायचा धीर होत नव्हता. शेवटी त्याच आठवड्यात फोनच्या दुकानातून एका दमात सांगून टाकलं. आई म्हणाली, "राहा की. पण संकष्टी सोडायची नाही. ती तेवढी धर, बाकी तू आणि तुझा स्पेन. शुक्रवारीच आहे बघ. चंद्रोदय नऊच्या सुमाराला."

इतक्या स्वस्तात सुटका होईल असं मला वाटलंच नव्हतं. मी आनंदानं हो म्हटलं. मग तिनं विचारलं, तिथं दूर्वा मिळतात का? मी म्हटलं, नाही गं. इकडचं तिकडचं थोडं बोललो आणि तिनं परत विचारलं, दूर्वा मिळतात का तिथं? मी म्हटलं, आई, लाइन नीट नाही, ठेवते.

तर ही शुक्रवारची संध्याकाळ. मी राहणार म्हणून ह्या दोघांनी मला बाहेर काढलं होतं. अनेलीसबाई साठी ओलांडलेल्या, हॉलंडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. उन्हाच्या गावात घर घ्यायचं म्हणून स्पॅनिश शिकत होत्या. तारेक आस्वानचा, माझ्याच वयाचा. त्याला तिकडं स्पॅनिश प्रवाशांचा गाइड व्हायचं होतं. स्पॅनिशमध्ये सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. तोंडानं मीही बाईंना 'तू'च म्हणायची, पण मनात त्यांचं अनेलीसबाई झालं ते झालंच, आणि आता इतक्या वर्षांनी लिहितानाही 'अहो'च येतं.

"मला एकदा नीट सांग," बोटं पुसत त्या म्हणाल्या. "तुझा उपास आहे."

"हो."

"पण दुपारी तू शेंगदाणे खात होतीस. मी बघितलं."

"शेंगदाणे चालतात."

"केळंही खाल्लंस."

"केळंही चालतं. बटाटा, रताळं, दूध, ताक सगळं चालतं. मीठ आणि जिरंही चालतं. हळद, मोहरी मात्र नाही."

"हा उपास आहे?" तारेकनं विचारलं. तो नुकताच रमजानचा महिना पाण्याचा थेंब न घेता काढून उठला होता. "हा तर मेनू आहे."

आमच्यात ह्यालाच एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात, हे मला स्पॅनिशमध्ये काही सांगता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "पण चंद्र दिसेपर्यंत जेवायचं नाही. चंद्र उगवला, त्याला बघितलं, नमस्कार केला की मग जेवायचं."

"आणि तो किती वाजता उगवतो?"

"नऊला."

तिघांनीही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेनऊ होत आले होते. आम्ही ग्लास तिथंच ठेवून दारात आलो. गल्ली इतकी अरुंद होती की वर आभाळाची नुसती पट्टी दिसायची. आठवडाभर तिथं पावसाची झड लागली होती, सूर्यही दिसला नव्हता, मग चंद्राचं काय घेऊन बसलात. आज मात्र दुपारपासून लख्ख उघडलं होतं. पट्टीत चार चांदण्या होत्या. चंद्र नव्हता.

"घरांच्या आड असेल," अनेलीसबाई म्हणाल्या. "पुढच्या बारला जाऊ. ती गल्ली रुंद आहे."

पुढच्या बारला गेलो. मी आणि तारेकनं मोस्तो मागवलं. मोस्तो म्हणजे द्राक्षाचा रस, त्याची दारू व्हायच्या आधीचा. पहिल्यांदा प्याले तेव्हा मला तासगावच्या द्राक्षांची आठवण येऊन रडू आलं होतं. सोबत बशी आली ती तळलेल्या मासळीची. मी ती हात न लावता पुढं सरकवली. मालकानं ते पाहिलं. मोठ्या पोटाचा, कपाळावर आठ्या असलेला माणूस होता. तो काउंटरच्या मागून बाहेर आला.

"मुलीला आवडलं नाही?"

"तिला चंद्र हवाय," अनेलीसबाई म्हणाल्या.

मालकानं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग आत गेला आणि दुसरी बशी घेऊन आला. वांग्याचे पातळ काप, कुरकुरीत तळलेले, वरून काळसर मधासारखा पाक. वास असा सुटला होता की माझ्या पोटातून आवाज आला आणि तो तिघांनीही ऐकला. पण वांगं कसं चालेल? वर त्याला पीठ लावलेलं.

"हे मी तुझ्यासाठी ठेवतो," तारेक म्हणाला. त्यानं कागदी रुमालात ते काप बांधले, त्यात पावाचे दोन तुकडे घातले आणि पुडकं कोटाच्या खिशात टाकलं. मालकाच्या आठ्या गेल्या. चंद्र आला की मला सांगा, असं म्हणून तो कामाला लागला.

दहा वाजले. मी तीनदा बाहेर जाऊन आले. आता माझ्या मनात भलभलतं यायला लागलं. आईनं सांगितलेले नऊ हे सांगलीचे नऊ. सांगलीचे नऊ म्हणजे इथले संध्याकाळचे साडेचार. म्हणजे चंद्र साडेचारलाच उगवला का? मग आत्तापर्यंत तो डोक्यावर यायला हवा. का इथं तो उलट्या बाजूनं येतो? मी शाळेत भूगोल मन लावून शिकले नव्हते आणि त्याचं प्रायश्चित्त असं परदेशात उपाशीपोटी घ्यावं लागेल असं काही वाटलं नव्हतं.

"हे बघ," अनेलीसबाईंनी ताटलीतलं एक ऑलिव्ह उचलून टेबलावर ठेवलं. "ही पृथ्वी. हा बदाम म्हणजे चंद्र. ग्लास म्हणजे सूर्य. पृथ्वी अशी फिरते. तुझं गाव आधी अंधारात जातं, मग आपलं. तिकडे रात्री नऊला दिसला तर इकडेही रात्री नऊलाच दिसणार, इकडच्या नऊला. थोडं मागं-पुढं."

"मग कुठाय?"

त्यांनी ऑलिव्ह फिरवलं. बदाम सरकवला. परत ऑलिव्ह फिरवलं. "असायला पाहिजे," त्या म्हणाल्या आणि वैतागून त्यांनी पृथ्वी खाऊन टाकली.

तारेक हा सगळा वेळ गप्प होता. खरं म्हणजे चंद्राचं निघाल्यावर तोच पुढं सरसावला होता, 'चंद्राचं माझ्याकडे सोपवा, आमचा सगळा धर्म त्याच्यावर चालतो' वगैरे. पण दुसऱ्यांदा बाहेर जाऊन आल्यापासून तो बोटांवर काहीतरी मोजत बसला होता.

"उल्का," तो हळूच म्हणाला. "आजची तारीख तुला कुणी सांगितली?"

"आईनं."

"ती कशावरून सांगते?"

"कशावरून म्हणजे? तिला माहीत असतं. ती कधी चुकत नाही."

"कधीच नाही?"

"अख्खी कॉलनी तिला विचारते."

"बरं," तो म्हणाला आणि त्यानं बोटं मिटली.

मला त्याचं ते 'बरं' काही बरं वाटलं नाही. पण पोटात कावळे कोकलत असताना माणसाला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचं वाचता येत नाही. मला वाटलं, ह्याला आमच्या रीतीचं हसू येतंय. मी जराशी रुसलेच.

अकरा वाजले. अनेलीसबाई उठल्या. "आता एकच उपाय. वर टेकडीवर जायचं. सान निकोलासच्या चौकात. तिथून सगळं आभाळ दिसतं. तिथंही नसला तर तुझा चंद्र चोरीला गेला."

मूर मुसलमानांच्या जुन्या वस्तीतून तो चढ. गोट्यांनी बांधलेली वाट, दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंती, नोव्हेंबरची कडाक्याची थंडी. अनेलीसबाई दर वळणाला थांबून धापा टाकायच्या आणि थांबल्या की मला बोलायच्या.

"तुझी आई तिथं, तू इथं. तू पाव खाल्लास तर तिला कळणार आहे का?"

"नाही."

"मग?"

"मला कळणार."

"हट्टी आहेस."

"अनेलीसबाई, तिनं माझ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली. दोन वर्षांच्या बदल्यात एक उपास. तिला घरात एकटी ठेवून मी इथं राहणार. मग एवढंही नीट करू नये?"

हे बोलले आणि माझा मलाच आवाज वेगळा लागला. बाईंनी माझ्या दंडाला धरलं आणि उरलेला चढ तसाच चढल्या.

चौकात बरीच माणसं होती. कठड्यावर पाय सोडून बसलेली पोरं, एकजण गिटार खरवडत होता. समोर दरीपलीकडे अल्हाम्ब्राचा लाल किल्ला दिव्यांनी उजळलेला. वर आभाळ मोकळं, पुसून ठेवलेलं. चांदण्याच चांदण्या. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मान फिरवली. चंद्र नव्हता.

खोटं कशाला सांगू, तेव्हा मी घाबरले. एवढं मोकळं आभाळ आणि त्यात जे हवं तेच नाही. मला वाटलं, हा नकार आहे. गणपती मला सांगतोय की तुझा सौदा मंजूर नाही. एरवी मी असल्या गोष्टींना हसते. पण परमुलखात, थंडीत, उपाशीपोटी सगळ्यांचीच श्रद्धा जागी होते.

"बसू या," तारेक म्हणाला. "येईल तो. पण उशीर आहे."

"तुला काय माहीत?"

त्यानं कठड्यावर जागा करून आम्हां दोघींना बसवलं, स्वतः समोर उभा राहिला. खिशातलं पुडकं काढून माझ्या हातात दिलं. ते अजून किंचित कोमट होतं. बराच वेळ तसाच गेला. चौकातली माणसं हळूहळू कमी झाली. गिटारवाला गेला. अनेलीसबाईंनी माझ्या खांद्यावर डोकं टेकून चक्क डुलकी काढली.

"तारेक," मी म्हटलं. "तू मघाशी काय मोजत होतास?"

"सोड."

"सांग ना."

त्यानं हात कोटाच्या खिशात घातले. "ईद होऊन आज तीन आठवडे झाले. ईदच्या दिवशी आम्ही चंद्राची कोर बघतो. नवी, नखाएवढी. तिथून दोन आठवड्यांनी पूर्ण चंद्र. म्हणजे तो पूर्ण होऊन गेला, त्याला आठवडा झाला."

"मग?"

"तुझा उपास पूर्ण चंद्रानंतर कितव्या दिवशी असतो?"

"चौथ्या."

मला समजत होतं आणि समजत नव्हतं. मी म्हटलं, "तुझी मोजदाद चुकली असेल."

"असेल," तो लगेच म्हणाला.

"तुला हे तिथंच माहीत होतं? खाली?"

"हो."

"मग बोलला का नाहीस? मला एवढा डोंगर चढवलास!"

"तू म्हणालीस, आई कधी चुकत नाही." त्यानं खांदे उडवले. "माझ्या आईबद्दल असं कुणी मला भर बारमध्ये सांगितलेलं मला आवडलं नसतं. म्हटलं, चंद्रच काय ते सांगेल."

आणि चंद्रानं सांगितलं. एक वाजून गेला असेल. किल्ल्याच्या डाव्या अंगाला, नदीचं खोरं जिथं डोंगरात शिरतं तिथं, आधी आभाळ जरा पांढुरकं झालं. मग डोंगराच्या कडेवरून तो वर आला. अर्धा. मधोमध कापलेला, खरवस कापावा तसा सरळ.

चतुर्थीचा चंद्र मी लहानपणापासून बघत आले होते. आई गॅलरीत ताम्हण घेऊन उभी असायची आणि मी भुकेनं तिच्या पदराला ओढत असायची. तो चंद्र मोठा असतो, एका बाजूनं जरासा चेपलेला. हा तो नव्हता. ही अष्टमी होती. संकष्टी होऊन चार दिवस गेले होते, आणि जिला अख्ख्या कॉलनीच्या तिथ्या तोंडपाठ होत्या त्या माझ्या आईनं मला चुकीचा दिवस सांगितला होता.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. दूर्वांचं दोनदा विचारणं. त्याआधी एकदा ती म्हणाली होती, तुझं ते जर्मन कसं चाललंय? मी हसले होते. दिवाळीत म्हणाली, अनारशात गूळ घालायचा राहिला. मी म्हटलं होतं, होतं गं आई. प्रत्येक वेळी मी म्हटलं होतं, होतं गं.

अनेलीसबाई जाग्या झाल्या. "आला!" त्या ओरडल्या. "आला की! आता खा!" मग त्यांनी माझं तोंड पाहिलं. तारेक त्यांना हळू आवाजात काहीतरी म्हणाला. त्यांनी ऐकून घेतलं, पर्समधून मोबाइल काढला आणि माझ्या हातात दिला.

"तिकडे सकाळ झाली असेल ना? बोल तिच्याशी."

सांगलीत पावणेसहाचा सुमार. आई पाचला उठते. निघताना मी तिला एक मोबाइल घेऊन दिला होता. तो तिनं दुसऱ्याच घंटीला उचलला.

"कोण?"

"आई, मी उल्का."

"उल्के? काय गं, बरी आहेस ना? अशा वेळी कसा फोन?"

"बरी आहे. तू उठलीस?"

"झोप कुठली? रात्री कितीतरी वेळ गॅलरीत उभी होते बघ. चंद्र काही आला नाही."

"ढग होते?"

"ढग कुठले आता? चांदण्या दिसत होत्या चांगल्या. चंद्रच नाही. पाय दुखायला लागले, मग आडवी झाले तशीच. मोदक झाकून ठेवलेत."

"तू काही खाल्लंच नाहीस?"

"चंद्र बघितल्याशिवाय कशी खाऊ?" ती थांबली. मग बारीक आवाजात म्हणाली, "असं कसं झालं गं, उल्के? नऊला यायला पाहिजे होता."

तिथीबद्दल आईनं मला प्रश्न विचारावा, हे माझ्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं. कालचा अख्खा दिवस आम्ही दोघी दोन टोकांना उपाशीपोटी, एका नसलेल्या चंद्राची वाट बघत होतो.

"आई, इथं आलाय तो," मी म्हटलं. "आत्ताच बघितला. मी बघितलेला तुला चालेल. तू सोड उपास."

"आला? खरंच?" तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "केवढा आहे?"

"मोठा आहे. चांगला वाटोळा."

"मग इकडेही असेल की. थांब, बघते."

"आई, राहू दे, बाहेर थंडी..."

पण कडी काढल्याचा आवाज आला. सपातांचा आवाज आला. लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं, सांगलीतलं. मी हातातलं पुडकं घट्ट धरून बसले.

"अगंबाई, हा तर डोक्यावर आलाय," आई म्हणाली. आणि मग काहीच बोलली नाही.

"आई?"

"उल्के, हा अर्धा आहे."

मी समोरच्या अर्ध्या चंद्राकडे बघितलं.

"अष्टमी आहे गं ही." हे ती जिन्यावरून विचारणाऱ्याला सांगायची त्याच आवाजात म्हणाली. त्यात शंका नव्हती. चंद्र तिला बरोबर वाचता येत होता. मधले दिवसच तिच्या हातून सांडले होते.

"तू वाटोळा म्हणालीस," ती म्हणाली.

"हो."

"मला फसवत होतीस."

"हो, आई."

मग तिनं विचारलं, "मग काल मी उपास कसला केला?"

"मी पण तोच केला, आई."

ती हसली. निदान मला हसल्यासारखं वाटलं. "दोघी शहाण्या," ती म्हणाली. आणि मग ते हसू मध्येच तुटलं. "अलीकडे होतंय गं असं. परवा दूध दोनदा घेतलं. एकदा कोपऱ्यावरून घरी यायचा रस्ताच सुचेना, उभी राहिले पाटलांच्या फाटकाशी. कुणाला बोलले नाही. मला भीती वाटते, उल्के."

"मलाही वाटते," मी म्हटलं. दुसरं काही खरं नव्हतं सांगण्यासारखं.

अनेलीसबाईंना मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, पण त्यांनी माझा मोकळा हात धरून ठेवला होता. तारेक पाठ फिरवून दरीकडे बघत उभा होता.

"मोदक आण," मी आईला म्हटलं. "मी फोन धरून आहे. तू खा, मीही खाते."

भांड्यावरचं झाकण वाजलं. मी पुडकं सोडलं. वांगी गार होऊन मऊ पडली होती, पाव कडक झाला होता.

"तू काय खातेस?"

"वांगी. पाकातली."

"वांगी, पाकात? कसलं मेलं ते!"

"बरं लागतंय."

"माझे मोदक फुटलेत," ती म्हणाली. थोडा वेळ आम्ही नुसत्या चावत होतो. मग ती म्हणाली, "राहा म्हटलं होतं मी तुला. ते मला आठवतंय हं. ते चुकून नव्हतं म्हटलं. सोमवारी काय ते त्यांना कळव."

"कळवते."

"काय कळवणार?"

मी समोर बघितलं. तो किल्ला, त्या पांढऱ्या भिंती, खाली दिव्यांनी भरलेलं गाव. मला ते सगळं अजूनही तितकंच हवं होतं. त्यातलं काहीच कमी झालं नव्हतं.

"आई, मी घरी यायला निघते. चांगला दिवस कुठला ते तू बघून सांग."

"मी सांगू?" ती म्हणाली. "आणि चुकलं तर?"

"चुकलं तर त्या दिवशी येईन."

ती पुन्हा गॅलरीत गेली असावी, कारण कुत्र्याचा आवाज परत जवळ आला. "थांब हं," ती म्हणाली. "आज अष्टमी. अष्टमी नको. उद्या नवमी, ती रिक्ता. मग दशमी..." ती बोटांवर मोजत होती, मला इथून दिसत होतं. "दशमी, मग एकादशी, द्वादशी..."

मध्येच तिनं दशमी पुन्हा घेतली आणि तिथून पुढं मोजायला लागली. मी तिला मोजू दिलं.